कानामागची श्रवणयंत्रे आणि ती बसवून देणारी सेवा : दीर्घ वापरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय दोन गोष्टींविषयी आहे. पहिली म्हणजे दोन्ही कानांसाठी घेतलेली डिजिटल श्रवणयंत्रांची जोडी. तिचा मुख्य भाग कानामागे बसतो आणि बारीक तारेच्या टोकाचा छोटा स्पीकर कानाच्या नळीत जातो. दुसरी म्हणजे ही यंत्रे निवडून, माझ्या कानांना जुळवून देणाऱ्या आणि आजही त्यांची देखभाल करणाऱ्या कोल्हापुरातील एका ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंची सेवा. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. या किमतीच्या गटातील यंत्रांमध्ये परस्परांत जेवढा फरक आहे, त्याहून कितीतरी अधिक फरक ती कोणी आणि कशी बसवून दिली याने पडतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. नाव वाचून कोणी तेच यंत्र तपासणीशिवाय विकत घ्यावे, अशी माझी इच्छा नाही. जोडीची किंमत लाखाच्या पुढे गेली, हे मात्र आधीच सांगून ठेवते, कारण मध्यमवर्गीय घरात हा निर्णय एकट्या माणसाचा राहत नाही.

मी एका सहकारी पतसंस्थेत रोखपाल आहे. माझ्या आतल्या कानातील संवेदनशील पेशींची झीज झाली असून तिच्यावर औषध किंवा शस्त्रक्रिया नाही, असे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासून सांगितले होते. माझ्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कोणत्या कंप्रतेचा (उंच-खालच्या पट्टीचा) आवाज किती मोठा झाल्यावर ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखावर, 250 आणि 500 हर्ट्झला रेषा जवळजवळ सामान्य पातळीवर आहे, पुढे ती उतरत जाते आणि 4000 हर्ट्झला 65 डेसिबलपर्यंत पोहोचते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की स्वर ऐकू येतात, कारण त्यांची ताकद खालच्या कंप्रतेत असते. स, श, फ, थ यांसारखी वरच्या कंप्रतेची, मुळातच क्षीण व्यंजने मात्र गळून पडतात. 'साठ'मधला स गेला की मागे 'आठ' उरते. काचेपलीकडून ग्राहक रक्कम सांगत आहे, डोक्यावर पंखा फिरत आहे आणि शेजारी नोटा मोजण्याचे यंत्र खडखडत आहे, अशा वेळी साठ हजार आणि आठ हजार यांच्यातला फरक केवळ त्या एका व्यंजनावर उभा असतो. माझी भिस्त पूर्णपणे स्लिपवर होती. स्लिपवरचा आकडा वाचायचा, ग्राहकाच्या ओठांकडे पाहायचे आणि दोन्हींचा मेळ बसला की मगच नोटा मोजायच्या, हा क्रम दिवसभर पाळल्यावर संध्याकाळी जो थकवा येई तो कामाचा नसे, तो ऐकण्याच्या कष्टाचा असे.

ज्यांची श्रवणशक्ती उत्तम आहे त्यांना ही अवस्था समजावून सांगणे फार कठीण जाते. ऐकू येते, पण कळत नाही, हे वाक्य ऐकणाऱ्याला बहाण्यासारखे वाटते. मागून हाक मारली तर मी वळून पाहते, मग समोर बसून बोललेले मला दोनदा का विचारावे लागते, असा प्रश्न घरातही पडत असे. त्यातून लोक आपापल्या सोयीचा निष्कर्ष काढतात. ग्राहकांना वाटे, मॅडमचे लक्ष नाही. गल्लीतील बायकांना वाटे, मी शिष्ट झाले आहे, कारण जिन्यात केलेल्या चौकशीला मी उत्तर न देता पुढे गेले होते. भिशीला आठ-दहा जणी एका वेळी बोलत असताना मला विषयाचे टोकच सापडत नसे. सगळ्या हसल्या की आपणही हसायचे, कोणी आपल्याकडे पाहून बोलले की मान हलवायची, आणि ही मान नेमकी कशाला हलवली या चिंतेने घरी येईपर्यंत जीव कासावीस व्हायचा. पुढे पुढे मी भिशीचे पैसे पाठवून देऊ लागले आणि स्वतः जाणे टाळू लागले. लांबच्या बहिणीचा फोन आला की 'यांच्याकडे' देऊ लागले. कोणी माझ्याशी बोलणे थांबवले नव्हते, तरी माझ्या वाट्याचे बोलणे आता यांच्या तोंडून येत होते.

सर्वांत अधिक टोचणारे वाक्य मात्र साधे असते. जेवताना मुलगी आणि तिचे बाबा काहीतरी बोलून हसतात, आपण "काय गं?" म्हणून विचारतो, आणि उत्तर येते, "काही नाही गं आई, राहू दे." बोलणाऱ्याच्या मनात त्यात तुच्छता मुळीच नसते, विनोद पुन्हा सांगितला की त्याची गंमत जाते, एवढेच त्याला वाटते. परंतु ते वाक्य दिवसातून अनेकदा कानी पडू लागले की आपल्याला सांगण्याजोगे काही नसतेच, अशी समजूत मनात घर करते. मग विचारणेच थांबते. चार माणसांच्या घरात, त्याच ताटांभोवती बसून आपण एकट्या पडलो आहोत, हे त्या दिवसांत मी पुरते अनुभवले. सासूबाई आणि 'हे' हलक्या आवाजात बोलू लागले की माझ्याविषयीच बोलत असतील, अशी शंकाही येऊ लागली होती, आणि त्या शंकेची मला स्वतःलाच अधिक लाज वाटत असे.

यंत्र घेण्यास विलंब झाला तो पैशांमुळे कमी आणि लोकांमुळे जास्त. चष्मा लागला तर कोणी दोनदा पाहत नाही. कानाला यंत्र लागले की बोलणारा आवाज चढवतो, शब्द तोडून बोलू लागतो आणि थोड्याच वेळात आपल्याऐवजी शेजारच्या माणसाशी बोलतो. आपल्या नाटकांतून आणि मालिकांतून कमी ऐकू येणारे पात्र वर्षानुवर्षे हशा मिळवण्यासाठीच येत आले आहे, त्याचा परिणाम बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो. आमच्याकडे अडचण आणखी एक होती. माझ्या जाऊबाईंनी मायेनेच बजावले होते, "लेकीचं जमेपर्यंत मशीन लावू नकोस बाई, स्थळं विचारतील, घराण्यात आहे का म्हणून." जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या श्रवणविषयक अहवालाप्रमाणे जगात 150 कोटींहून अधिक माणसांना कमी-अधिक प्रमाणात श्रवणऱ्हास आहे, म्हणजे सरासरीने पाच माणसांत एकाला, आणि त्यांपैकी सुमारे 43 कोटी लोकांना उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे. इतकी माणसे असताना कोणत्याही लग्नात, कोणत्याही सभेत माझ्या कानांवर यंत्र असणे ही नवलाची गोष्ट का ठरावी, हे मला आजही उमगत नाही. मुलीनेच शेवटी मला सांगितले, की आईच्या मशीनवरून नकार देणारे घर तिलाच नको आहे.

आता सेवेविषयी. आधी ज्या दुकानात मी गेले होते तेथे तपासणी रस्त्याकडेच्या खोलीत, दार उघडे ठेवून झाली. लगेच एक यंत्र कानात घालून "आता कसं वाटतंय?" असे विचारण्यात आले आणि सवलत त्या दिवसापुरतीच असल्याचे सांगण्यात आले. आवाज मोठा झाला होता, हे खरे. तो तर दूरचित्रवाणीचाही वाढवता येतो. मी काही न घेता परतले.

या ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे भारतीय पुनर्वास परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले होते. वाचकांनी ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तपासणी ध्वनिरोधक खोलीत झाली. शुद्ध स्वरांच्या, म्हणजे एकेका कंप्रतेच्या ध्वनीच्या, चाचणीनंतर मराठी शब्दांची चाचणी घेण्यात आली. आवाज कोणत्या पातळीला ऐकू येतो हे एक, आणि ऐकू आलेला शब्द ओळखता येतो का हे दुसरे; माझ्या तक्रारीचे मूळ दुसऱ्या भागात होते आणि तो भाग कोणीतरी मोजला, याचेच मला मोठे समाधान वाटले. त्यानंतर त्यांनी यंत्रांचे माहितीपत्रक काढले नाही. कोरा कागद पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "काकू, तुम्हाला नेमकं कुठे कुठे ऐकू यायला हवं आहे, ते आधी सांगा. पाच जागा सांगा आणि महत्त्वाप्रमाणे क्रम लावा." ही पद्धत ऑस्ट्रेलियातील नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजमध्ये तयार झालेली असून जगभर वापरली जाते, हे मला नंतर समजले. माझ्या यादीत काउंटर पहिला होता, रात्रीचे जेवण दुसरे, बहिणीचा फोन तिसरा, भिशी चौथी आणि लग्नकार्य पाचवे. यंत्राची निवड, त्याची जुळणी आणि पुढच्या प्रत्येक भेटीतील विचारपूस या यादीला धरून झाली. माझ्या आयुष्यातून जे निसटत होते त्याची नोंद एका कागदावर प्रथमच झाली, आणि ती वाचताना माझे डोळे भरून आले, हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

जुळणीच्या वेळी त्यांनी कानाच्या नळीत सिलिकॉनची अतिशय बारीक नळी सरकवून, यंत्र चालू असताना कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजले. प्रत्येकाच्या कानाच्या नळीची लांबी आणि आकार वेगळा असल्यामुळे संगणकावर दिसणारा आकडा आणि कानात पोहोचणारा आवाज यांत तफावत असते, आणि ती या मोजमापाशिवाय कळत नाही. माझ्या उजव्या कानात वरच्या कंप्रतेचा आवाज अपेक्षेपेक्षा बराच कमी पोहोचत होता. तो तेथेच दुरुस्त झाला. एवढी महागडी यंत्रे विकताना हे मोजमाप करत नाहीत, अशी केंद्रे अनेक आहेत. खरेदीपूर्वी याविषयी थेट विचारावे.

पहिले काही आठवडे सुखाचे नव्हते. ताटावर चमचा आपटल्याचा आवाज कानात टोचे, नळाचे पाणी खवळल्यासारखे वाटे, नव्या नोटांची करकर दिवसभर पाठ सोडत नसे आणि स्वतःचा आवाज एखाद्या रिकाम्या टाकीतून यावा तसा येत असे. बाईंनी आवाज मुद्दाम कमी पातळीवर ठेवून भेटीगणिक वाढवत नेला आणि यंत्र दिवसभर लावून ठेवण्यास सांगितले, कारण इतकी वर्षे न मिळालेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे व्हावे लागतात. ही सूचना कोणी आधी दिली नाही, तर माणूस आठवड्याभरात यंत्र काढून कपाटात ठेवतो. आमच्याच नात्यात अशी दोन यंत्रे डबीत पडून आहेत, आणि ती दोष नसतानाही पडून आहेत.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग यंत्राशी संबंधित नव्हता. एका भेटीसाठी त्यांनी घरातील सर्वांना बोलावले. त्यांच्यासमोर त्यांनी माझा ऑडिओग्राम ठेवला, कोणती व्यंजने मला कशी ऐकू येतात हे संगणकावर आवाज बदलून ऐकवले, आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई, हिला असं ऐकू येतं?" त्या क्षणानंतर घरात माझ्या ऐकण्याविषयी पुन्हा वाद झाला नाही. आधी नाव घ्यावे, मान वळल्यावर बोलावे, ओरडू नये, तोंडासमोर हात किंवा मोबाईल धरू नये, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलू नये, आणि वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे, एवढेच त्यांनी सांगितले. "काही नाही, राहू दे" हे वाक्य आमच्या घरातून त्यांनीच हद्दपार केले. ही भेट शुल्काच्या पावतीवर स्वतंत्रपणे कोठेही लिहिलेली नाही. माझ्या हिशेबी मात्र अर्धी रक्कम तिचीच आहे.

आता प्रत्यक्ष उपयोग. काउंटरवर आणि जेवणाच्या वेळी यंत्रे उत्तम काम करतात. साठ आणि आठ यांत आता गल्लत होत नाही. फोनचा आवाज ब्लूटूथने थेट दोन्ही कानांत येतो, त्यामुळे बहिणीशी मी पुन्हा स्वतः बोलते, आणि ती जे बोलते त्यातले निम्मे यांना कळू नये असेच असते. टीव्हीचा आवाज उतरल्यामुळे घरातील एक रोजची कुरबूर संपली. बोलणारा माणूस समोर, हातभर अंतरावर असला की वर्षानुवर्षांचा ताण खरोखर उतरतो.

भिशीत मात्र सुधारणा अर्धवट आहे. यंत्रातील दोन मायक्रोफोन समोरून येणाऱ्या आवाजाला प्राधान्य देतात आणि पंख्यासारखा सतत येणारा आवाज कमी करतात. परंतु आजूबाजूचा गोंगाट हाच जर माणसांच्या बोलण्याचा असेल, तर त्यांतील कोणाचे बोलणे मला हवे आहे, हे यंत्राला ठरवता येत नाही. मी भिंतीकडे पाठ करून, मधल्या जागी बसते आणि शेजारणीला विषय विचारून घेते. मंगल कार्यालयात, जेथे भिंती आणि फरशी आवाज परतवतात आणि वर ध्वनिक्षेपक लावलेला असतो, तेथे यंत्रांचा फायदा जवळजवळ संपतो. हे बाईंनी विक्रीपूर्वीच सांगितले होते, म्हणून मला फसवणूक झाल्यासारखे वाटले नाही. जाहिरातींमध्ये भर लग्नात हसत गप्पा मारणारे आजोबा दाखवतात, ते पाहून यंत्र घेणाऱ्या माणसाची पहिल्याच कार्यात निराशा होते आणि तिचा दोष तो स्वतःच्या वयाला देतो.

जाहिरातींविषयी आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. श्रवणयंत्र घ्या, नाहीतर स्मृतिभ्रंश होईल, अशी भीती घालणारे संदेश सध्या ज्येष्ठांच्या गटांतून फिरतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात श्रवणऱ्हास हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखीम-घटकांपैकी एक मानला आहे, हे खरे. परंतु अमेरिकेत 70 ते 84 वयोगटातील 977 व्यक्तींवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अचीव्ह' चाचणीत तीन वर्षांनंतर एकूण गटात यंत्रांमुळे बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांना मुळातच जोखीम अधिक होती त्या उपगटात मात्र ऱ्हासाचा वेग 48 टक्क्यांनी कमी दिसला. याच चाचणीच्या 2025 मधील विश्लेषणातील एक निष्कर्ष मला अधिक जवळचा वाटतो. ज्यांना यंत्रे आणि समुपदेशन मिळाले, त्यांच्या संपर्कातील माणसांच्या वर्तुळात तीन वर्षांअखेर तुलनेच्या गटापेक्षा सरासरी एक माणूस जास्त टिकून राहिला. जाहिरातीत घालायला हा आकडा फार लहान आहे. पण ज्या बाईने बहिणीचा फोन दुसऱ्याच्या हाती देण्याचे दिवस काढले आहेत, तिला त्या एका माणसाची किंमत नीट समजते.

खर्चाची बाजू उरते. माझा श्रवणऱ्हास मध्यम आहे. दिव्यांग व्यक्तींच्या 2016 च्या कायद्यात बोलण्याच्या कंप्रतांमध्ये दोन्ही कानांचा ऱ्हास 60 ते 70 डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारी व्यक्ती आणि 70 डेसिबल असेल तर कर्णबधिर व्यक्ती मानले जाते. माझ्यासारखी माणसे त्या रेषेच्या अलीकडे राहतात. काउंटरवर ऐकू येत नाही आणि कागदोपत्री ऐकू येते, अशी ही अवस्था असून, नोकरीत काचेऐवजी मागच्या टेबलावर बसण्याची साधी सोय मागतानाही हाती प्रमाणपत्र नसते. ज्यांचा ऱ्हास अधिक आहे आणि उत्पन्न कमी आहे, त्यांनी दिव्यांगांना सहायक उपकरणे देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेची आणि दारिद्र्यरेषेखालील किंवा अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी 2017 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची चौकशी जरूर करावी. मुंबईत वांद्रे येथे 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे तपासणीपासून यंत्र जुळवून देण्यापर्यंतची सर्व कामे होतात.

देखभालीत पावसाळा हा मोठा शत्रू आहे. घाम आणि दमट हवा यांमुळे आवाज मध्येच क्षीण होतो, म्हणून रात्री यंत्रे सिलिका जेलच्या डबीत ठेवावी लागतात. स्पीकरच्या तोंडावरची मळाची जाळी वेळेवर बदलावी लागते. ती बदलली नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजून लोक दुरुस्तीला पाठवतात. मी चार्जिंगची जोडी न घेता बॅटरीची घेतली, कारण आमच्याकडे वीज बेभरवशाची आहे आणि 312 क्रमांकाच्या, तपकिरी पट्टीच्या बॅटऱ्या शहरात सहज मिळतात. पट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटे हवा लागू द्यायची आणि मग बॅटरी बसवायची, ही सवय सासूबाईंनीही शिकून घेतली आहे. सेवेत उणे एकच: पहिल्या वर्षानंतर प्रत्येक भेटीला शुल्क आहे आणि वेळ मिळायला कधीकधी पंधरवडा लागतो, नोकरी करणाऱ्या माणसासाठी रविवारी केंद्र उघडे असते, तर बरे झाले असते.

यादीतील चौथ्या आणि पाचव्या क्रमांकासाठी बाईंनी आता रिमोट मायक्रोफोन सुचवला आहे. तो बोलणाऱ्याच्या पदराला किंवा खिशाला लावला की त्याचा आवाज थेट यंत्रांत येतो. किंमत बरीच आहे, म्हणून त्यांनी तो काही दिवस वापरून पाहण्यासाठी देण्याचे कबूल केले आहे. पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो अध्यक्षांच्या खिशाला लावून पाहणार आहे, आणि सभासदांचे प्रश्न त्यातून कितपत कळतात हे पाहिल्यावरच पैसे देईन.